मेन स्विच

नव्या कापसाचा कोमट वास आला की मला आमचा जुना कॉम्प्युटर आठवतो. त्या वर्षी वलगावच्या घरात पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरली होती आणि कॉम्प्युटर तिथेच कोपऱ्यात टेबलावर होता. सकाळी अपडेट लावून मी नांदगाव पेठला कामावर जायचो आणि संध्याकाळी बंद पडलेला तो पुन्हा सुरू करून पडद्यावर तेच वाचायचो, अपडेट झालं नाही, पुन्हा प्रयत्न करा. आठवडाभर हेच चाललं, तेव्हा वैतागून तो अमरावतीच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "सारं पुसून नव्यानं टाका लागते. आतलं काही ठेवाचं हाये का?" मी इतका थकलो होतो की म्हणालो, "काही नाही, उडवून टाका." घरी आणून अपडेट लावलं तर पुन्हा तेच. मग एक दिवस सुटी काढून समोरच बसलो. दुपारी बाबा वावरात निघाले आणि जाता जाता सवयीने त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पडदा काळा झाला. "बाबा, लाइन काहून बंद केली?" "घरात कापूस हाये. ठिणगी पडली तं? मी तं रोजच बंद करून जातो." त्यांनी ओशाळून स्विच वर केला आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "तुया मायचे फोटो यातच हायेत नं?" आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी 'हो' म्हणालो. त्या दिवशी अपडेट सुरळीत झालं. बाबा अजूनही कधीतरी ते फोटो पाहायला मागतात, आणि मी म्हणतो, "थांबा बाबा, अपडेट होऊन राहिलं."