इरमुलचा राहिलेला घास

इरमुल खादाड होती. तिच्याबद्दल हल्ली जे सांगितलं जातं त्यात हे कुठेच येत नाही, म्हणून आधी तेच लिहितो. सातव्या गोदीवर आम्ही दोघं बावीस वर्षं एकाच पाळीत होतो आणि माझ्या डब्यातली निम्मी शेवाळाची भाकर रोज तिच्या पोटात गेली. स्वतःची संपवून ती माझ्याकडे बघत बसायची.

"दोव्या, तू खातोस का भाकरीची माफी मागतोस? सरकव इकडे."

मी सरकवायचो.

शाळेत मुलांना शिकवतात की लोरखींशी आपलं युद्ध खनिजांवरून पेटलं. सभेत सांगतात की मानावरून. पहिला घाव बसला तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो, मला यातलं काही दिसलं नाही. माझी चूकही होत असेल. पण तेव्हा तिथे असलेल्यांपैकी आता मी एकटाच उरलोय.

आमचा केमरा म्हणजे अवकाशात तरंगणारा, आतून पोखरलेला दगड. भिंतीपलीकडे हवा नाही. त्यामुळे इथे चालायला लागलेल्या पोरालाही दाराचा नियम ठाऊक असतो. भिंत फुटून हवा सुटली की जो दाराजवळ असेल त्याने चाक फिरवून दार लावायचं. आत कोण राहिलं ते बघायचं नाही. मग दार लावणाऱ्याने उपास धरायचा. कढणावर राहायचं, भाकर तोडायची नाही. मेलेल्यांच्या घरची माणसं येतात. दार लावणारा त्यांच्यासमोर बसून तोंड उघडतो आणि ती आपल्या हाताने त्याला घास भरवतात. जितकी घरं तितके घास. सगळे मिळाले की उपास सुटला आणि हिशेब मिटला. केमरात दारावरून कधी सूड घेतला गेला नाही, तो या घासामुळे.

अकरा वर्षांतून एकदा दुसऱ्या ताऱ्यावरून लोरखींचं जहाज यायचं. ते बियाणं आणायचे, आम्ही धातू द्यायचो. त्या खेपेला गोदीशेजारच्या दालनात त्यांना जेवण दिलं. तेवीस लोरखी होते आणि आमची सात माणसं. त्या सातांत वाढायला इरमुलचा भाऊ बेल्हो होता. आमचा एकुलता दुभाष्याही त्यांतच होता.

मुठीएवढा दगड बाहेरून आला आणि दालनाच्या भिंतीतून आरपार गेला. आधी शिट्टीसारखा आवाज झाला, मग ताटं उडाली. इरमुल चाकाजवळ होती. बेल्हो दाराकडे धावत होता, एका लोरखी मुलीला हाताला धरून ओढत आणत होता. त्याला अजून आठ पावलं हवी होती. इरमुलने चाक फिरवलं.

दार सरकत असताना मुलगी त्याच्या हातातून सुटून पुढे झेपावली आणि तिने फटीत हात घातला. दार बसलं तशी चार बोटं आमच्या बाजूला पडली. दाराच्या काचेवर आतून रक्त उडालं, आमच्या डोळ्यांदेखत उकळलं आणि गोठलं. आतून ठोकत होते. मग थांबले.

दुसऱ्या दिवशी आमची सात घरं आली. सगळ्यात शेवटी बेल्होची बायको साकेल. तिने आधी इरमुलच्या थोबाडीत मारली. मग केस धरून आणखी एक मारली.

"आठ पावलं, इरमुल! आठ! तुझ्या सख्ख्या भावाला!"

इरमुल तोंड उघडून बसली होती. साकेलने भाकर मोडली आणि कोंबावी तशी तिच्या तोंडात कोंबली. मग तिच्याच गळ्यात पडून रडली. सात घास झाले. लोरखींकडून कुणीच आलं नाही.

दोन दिवस गेले, तीन गेले. त्यांचं जहाज गोदीला बांधलेलं होतं आणि दार आतून बंद. इरमुल कढण पिऊन पिऊन वैतागली.

"तेवीस घास राहिलेत रे. यांच्यात मेलेल्याचं कुणी काही करत नाही का?"

"त्यांना आपली रीत ठाऊक नसेल," मी म्हणालो. "तूच जा. दारात जाऊन बस. बघितलं की कळेल."

"अशीच जाऊ? रिकाम्या हाताने?"

त्यावर मी जे बोललो ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही ती चार बोटं धुऊन, पांढऱ्या कापडात बांधून थंड कपाटात ठेवली होती. मी म्हणालो, "ती घेऊन जा. त्यांचं त्यांना देऊन टाक. बरं दिसेल."

ती गेली. मागे आमची तीसेक माणसं होती, साकेलसुद्धा. जहाजाचं दार उघडलं, कप्तान बाहेर आला. म्हातारा, उंच माणूस. इरमुल त्याच्यासमोर जमिनीवर बसली. पुरचुंडी सोडून तिने बोटं त्याच्या पायाशी मांडली. एका बोटात अंगठी होती. मग मान वर करून तिने तोंड उघडलं.

कप्तान अंगठीकडे बघत राहिला. मग तिच्या उघड्या तोंडाकडे. त्याने दाराचा लोखंडी अडसर उचलला आणि दोन्ही हातांनी त्या तोंडावर हाणला.

जबडा मोडल्याचा आवाज मला दहा पावलांवर आला. दात माझ्या बुटांपर्यंत उडाले. त्याने पुन्हा अडसर उचलला तेव्हा साकेल धावली आणि दोर ओढायचा आकडा तिने त्याच्या मानेत रुतवला. खेचला तशी मान अर्धी उघडली. मग जहाजातून त्यांची माणसं आली आणि आमच्यांनी भिंतीवरचे आकडे काढले. कुणी कुणाला का मारतंय हे विचारायला दुभाष्या नव्हता. फरशीवर इतकं रक्त होतं की माणसं मारायच्या आधीच घसरून पडत होती. साकेलच्या पोटात काहीतरी घुसलं. ती भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही. मी इरमुलला काखेत धरून ओढत बाहेर काढलं. दुसरं काही केलं नाही. एवढंच मला जमलं.

लोरखींनी दोर न सोडताच जहाज सुरू केलं. सातवी गोदी मुळापासून उखडून जहाजाबरोबर गेली. त्या तासाभरात केमरात चौदा दारं लागली आणि अकराशे माणसं दारांपलीकडे राहिली. प्रत्येक घरात कुणी मेलं होतं, प्रत्येक घरात कुणी दार लावलं होतं. कुणी कुणाला घास द्यायचा हेच कळेना.

अकरा वर्षांनी नऊ जहाजं आली. त्यांनी बियाणं आणलं नव्हतं.

इरमुल जगली. जबडा वाकडा जुळला, वरचे दात समोरून गेलेच. लोकांनी तिला मोठी केली. लढायला निघालेली पोरं तिच्या जबड्याला हात लावून जायची. ती वाकड्या तोंडाने म्हणायची, "लावा हात. पण भाकर नाकासमोर आणू नका." ती कढणच पीत राहिली. मी डबा उघडला की भाकर हातात घ्यायची, हुंगायची, परत ठेवायची.

"अगं, युद्ध चाललंय," मी एकदा म्हणालो. "आता कोण बघतंय? खा."

"तेवीस राहिलेत, दोव्या. तू मोजले नसतील. मी मोजलेत."

असं एकतीस वर्षं चाललं. पाचव्या वेढ्यात लोरखी सहाव्या गोदीतून आत घुसले. तरणी माणसं पुढे लढत होती, म्हणून मधल्या दारावर आम्ही दोघं म्हातारी. पलीकडच्या बोळात आमची तीन माणसं होती, त्यांची सहा. मी उघड्या दारातून बघत होतो. आमच्या एकाचं डोकं त्यांनी भिंतीवर आपटून आपटून फोडलं. दुसऱ्याने एका लोरखीचे डोळे अंगठ्यांनी दाबले, ते सोडलेच नाहीत. तेवढ्यात कुणाचा तरी बार भिंतीला लागला आणि तीच शिट्टी वाजली.

एक लोरखी सरपटत उंबऱ्यावर आला होता. गुडघ्याखाली पाय नव्हता. इरमुलने त्याला गळपट्टीला धरून आत ओढलं आणि ओरडली, "दोव्या, चाक!"

मी चाक फिरवलं.

तो जेमतेम पंचविशीचा होता. आपली भाषा त्याला थोडी येत होती, सैनिकांना शिकवतात म्हणे. त्याने इरमुलचा जबडा बघितला आणि किंचाळायला लागला. "ती तूच! बोटं खाणारी! खाऊ नको मला, खाऊ नको!"

"काय बडबडतोय हा?" इरमुल म्हणाली.

तो तुटक तुटक बोलला, पण कळलं. केमराच्या बाईने कप्तानाच्या मुलीची बोटं त्याच्यासमोर ठेवली आणि तोंड उघडून दाखवलं की बाकीची आम्ही खाल्ली. त्यांच्या शाळेत हे शिकवतात.

मी इरमुलकडे बघितलं नाही. मग ती गुडघे दुमडून त्याच्यासमोर बसली, मान वर केली आणि तोंड उघडलं.

पोरगा भीतीने मुतला. चाचपडत त्याने छातीच्या खिशातून शिध्याची नळी काढली, लोरखी खातात तो मऊ पिवळा लगदा, आणि अख्खा तिच्या तोंडात पिळला. "हे खा. हे खा. मला नको."

ती डोळे मिटून गिळायला लागली.

मागून आमची माणसं धावत आली. इरमुलने हात वर केला, पण तोंड भरलेलं होतं, तिला बोलता येईना. पहिल्याने पोराच्या गळ्यात आकडा घातला आणि ओढला. रक्त इरमुलच्या मांडीवर आलं. ती गिळेपर्यंत सगळं झालं होतं.

पाळी संपल्यावर ती म्हणाली, "भाकर काढ."

"इरमुल, तो घाबरून देत होता गं. आणि तेवीसांतल्या कुठल्या घरचा होता, कुणास ठाऊक."

"साकेलने तरी काय लाडाने भरवला होता? अख्खी नळी पिळली त्याने, तेवीसांचे त्यातच आले. काढ."

मी भाकर कढणात बुडवून दिली. तिला चावता येत नव्हतं. हिरड्यांतून रक्त आलं तरी तिने निम्मी संपवली. मग उरलेली माझ्याकडे सरकवली.

मी ती परत तिच्याकडे ढकलली. आमच्या तीन घरांचे घास मला पुढे मिळाले. पण त्या दारापलीकडे पाच लोरखी होते, आणि चाक मी फिरवलं होतं.