पान्याची व्याख्या

माझी मावशी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतेय आणि तीन वर्षं एकच गोष्ट मागतेय. आठवीला आठवड्यातून एक तास दुरुस्तीचा. नळ, प्लग, पंखा उघडायचा, बघायचा, परत जोडायचा. बस! एवढंच!

पहिल्या वर्षी वेळापत्रकवाले सर म्हणाले, "बाई, कुणाचा तास काढू? नाव सांगा." नाव कोण सांगणार? अख्खी स्टाफरूम एकदम वह्या तपासायला लागली. आणि ते वेळापत्रक तरी काय, दरवर्षी तेच! वरच्या सालावर व्हाइटनर मारायचा, नवीन साल टाकायचं, झालं.

दुसऱ्या वर्षी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. "कल्पना छानच आहे हो, पण निकालपत्रकात रकाना कुठंय?" रकाना नाही म्हणून मार्क नाहीत, मार्क नाहीत म्हणून तास नाही. घ्या!

यंदा मावशीनं खेटे घालून घालून रकाना मिळवला. वीस मार्कांचा. आम्ही घरी नाचलो अक्षरशः. प्लंबरकाकांकडून तिनं पोतंभर जुने नळ आणले. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "मार्क आले म्हणजे लेखी परीक्षा आली. आणि पाना-पक्कड असली हत्यारं नकोत हं, कुणाला लागलं तर पालक डोक्यावर बसतील."

परवा तिचा विसरलेला डबा द्यायला गेले तर वर्गात चिडीचूप. पोतं कोपऱ्यात, तोंड बांधलेलं. फळ्यावर 'पान्याची व्याख्या'. पहिल्या बाकावरची मुलगी विचारते, "बाई, पान्याची आकृती पेननं की पेन्सिलनं?"

मावशीचा चेहरा बघवेना. बाहेर आल्यावर मी भडकलेच. "सोड ना हा विषय!"

"सोडला तर सर लगेच तिथं गणित घालतील."

"घालू दे! हे काय चाललंय मग?"

ती तडक मोठ्या बाईंकडे गेली. मी मागे. म्हणाली, "बाई, मार्क काढून टाका. परीक्षा नको, नुसता तास राहू दे."

"अहो, निकालपत्रकं छापून झाली! रकाना रिकामा कसा सोडणार?" मोठ्या बाई खरंच घाबरल्या होत्या. "तुम्हीच मागितला होतात ना? पेपर उद्या द्या बरं का."

घरी सगळ्यांना फाडून खाणारी माझी मावशी "हो" म्हणाली. आणि स्टाफरूममध्ये बसून गाळलेल्या जागा काढायला लागली.