शेपटीचा तारा आणि डोमाजीचं वय

अमरावतीच्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, कडुनिंबाच्या पलीकडे एक कौलारू खोली होती. तिथे माणसं एकदाच जात, आणि तीही स्वतःच्या पायांनी नाही. डोमाजी मात्र त्या खोलीत एकोणतीस वर्षं रोज स्वतःच्या पायांनी गेला आणि संध्याकाळी सायकलवर टांग टाकून वलगावला परत आला. या गोष्टीचा त्याला मनातून थोडा अभिमानही होता.

काम पोस्टमॉर्टमच्या मदतनिसाचं. डॉक्टरांना हत्यारं द्यायची, तराजू धरायचा, शेवटी सगळं धुऊन काढायचं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन घरी आल्यावर त्याची बायको सुंदराबाई त्याला म्हणाली होती, "गावाची मढी सोडली, अन् सरकारची धरून बसले!"

"गावात भाकर मागा लागे. इथं खाकी डिरेस भेटते," डोमाजी म्हणाला. "फरक हाय का नाही?"

सत्तावन साली पुण्याकडून एक डॉक्टर बदलून आले. दवाखान्यात सगळे त्यांना नुसतं 'साहेब' म्हणत. साहेबांना एक नाद होता, मेंदूचा. कायद्याप्रमाणे मेंदूचं वजन करायचंच असे, पण साहेबांचं तेवढ्यावर भागत नसे. मेंदूच्या आत ज्या पोकळ्या असतात त्यांत ते काचेच्या पिचकारीनं पाणी भरत आणि किती मावलं ते लिहून ठेवत. वरच्या खाचांमध्ये ओला दोरा बसवून त्यांची खोली मोजत. म्हातारपणी मेंदू किती झिजतो, कोणत्या वयापासून झिजतो, हे त्यांना आकड्यांत पाहिजे होतं. विलायतेतल्या माणसांचे आकडे पुस्तकांत होते. आपल्या माणसांचे कोणी मोजलेच नव्हते.

डोमाजीनं एकदा सगळं नीट पाहून आपलं मत दिलं. "साहेब, हे संत्र्यासारखं हाय. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं का सालीपासून सुटते. वरून तसंच दिसते, पण दाबलं का पोलं लागते. म्हाताऱ्याचं डोस्कं तसं. कवटी तेवढीच, आत मोकळी जागा."

साहेबांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. ते हेच सांगायला इंग्रजीत चार पानं लिहीत होते.

साहेबांची अडचण वेगळीच होती. त्यांनी चौकटीच्या कागदावर खाली वय आणि उभं वजन असे ठिपके मांडले, तर ते सगळे तीन-चार खांबांत उभे राहिले, पोळ्याला तोरणाखाली बैल उभे करावेत तसे. कारण मेलेल्या माणसाचं वय लिहून आणायचा पोलीस. 'अंदाजे वय पन्नास.' पोलिसाच्या कागदात माणूस एकतर चाळीसचा मरे, नाहीतर पन्नासचा, नाहीतर साठचा. सत्तेचाळिसाव्या वर्षी मरायची वऱ्हाडात कोणाला परवानगीच नव्हती.

"साहेब, हा मानूस पन्नासचा नाही," एके दिवशी तराजू धरून डोमाजी म्हणाला. "सत्तेचाळीसचा हाय."

"तुला काय ठाऊक?"

"बाहेर निंबाखाली त्याचा मोठा भाऊ बसून राहिला. त्याले इचारलं. मानमोडीच्या साथीत यांची माय मेली, तवा याचे दुधाचे दात पडून राहिले होते. अन् शेपटीचा तारा दिसला त्याच्या दुसऱ्या साली हा झाला. दोन खुना जुळल्या का वय पक्कं. एक खून खोटं बोलू शकते."

साहेबांनी हिशेब केला. शेपटीचा तारा एकोणीसशे दहा. साथ अठरा सालची. जुळत होतं.

ही विद्या डोमाजीला बापाकडून मिळालेली. त्याचा बाप देवमन गावचा मौतीचा निरोप्या होता. वलगावात कोणाच्याही घरी कोणी मेलं की पाहुण्यांच्या गावोगाव पायी जाऊन सांगायचं, ऊन असो की चिखल. ओसरीवर चढायचं नाही. खाली उभं राहून कोण गेलं, केवढं होतं, मागे कोण आहे, ते ओरडून सांगायचं. रात्री घरी आला की देवमन पाय शेकत लेकाला दिवसाचा प्रवास ऐकवी, आणि त्यात सगळी माणसं सालांसकट येत. मोठा दुष्काळ, शेपटीचा तारा, मूर्तिजापूर-अचलपूरची तेरा सालची छोटी गाडी, मानमोडी. या चार खुंट्यांवर डोमाजीच्या डोक्यात आख्खा तालुका टांगलेला होता. देवमनच्या वाट्याला या कामातून शिळी भाकर आली. लेकाच्या वाट्याला हे आलं.

त्या दिवसापासून पोलिसाचा कागद बाजूला पडला. निंबाखाली रडत बसलेल्या माणसांजवळ डोमाजी उकिडवा बसे. आधी पाणी देई, मग बिडी देई, मग हळूच विचारी, "छोटी गाडी सुरू झाली तवा बुढा केवढा होता वो?" आणि नवल असं की रडणारी माणसं रडणं थांबवून आठवू लागत, आपसांत भांडू लागत, कधी हसतही. मेलेला माणूस घटकाभर पुन्हा पोर होऊन हुंदडून जाई.

ठिपक्यांचे खांब मोडले. पाच वर्षांत दोनशे बारा ठिपके झाले आणि कागदावर उतारावरून पाणी वाहावं तशी रेघ दिसू लागली. साहेब डोमाजीला 'तू' म्हणायचे ते कधी 'तुम्ही' म्हणू लागले, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

त्रेसष्ट सालच्या मार्चमध्ये डोमाजीच्या हातात कागद पडला. सेवापुस्तकात जन्मतारीख एक जुलै एकोणीसशे तीन. साठ पुरी, तीस जूनला घरी.

एक जुलै ही तारीख नोकरीला लागताना कारकुनानं लिहिलेली. त्यानं डोमाजीकडे एकदा वरून खाली पाहिलं होतं, बैलबाजारात पाहतात तसं, आणि लिहून टाकलं होतं. डोमाजीला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. आता वाटलं. त्याची पोरगी शालू अकोल्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला नुकतीच लागली होती. दोन वर्षांचं शिक्षण होतं. बापाची नोकरी गेली तर पोरगी अर्ध्यातून परत यायची. त्याला दोनच वर्षं पाहिजे होती.

आणि त्याच्याजवळ खूण होती. शेपटीचा तारा त्यानं बापाच्या खांद्यावर बसून पाहिला होता. हे त्याला लख्ख आठवत होतं: बापाचे केस धरलेले, आभाळात पांढरा फटकारा. सेवापुस्तकाप्रमाणे तेव्हा तो सात वर्षांचा होतो. सात वर्षांच्या पोराला कोण खांद्यावर घेतं? म्हणजे चार-पाचाचाच असला पाहिजे.

साहेबांनाही पटलं. "दवाखान्याचे मोठे साहेब माझा शब्द मोडणार नाहीत, वयाचा दाखला मी लिहितो. पण डोमाजी, दुसरी खूण?"

"आनतो ना," डोमाजी म्हणाला.

दुसरी खूण अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला राहत होती. मनकर्णा आत्या, देवमनची धाकटी बहीण, पंचाहत्तरीच्या पुढची. डोमाजी गेला तेव्हा ती उन्हात बसून तुरीची डाळ निवडत होती आणि खडे डाळीत, डाळ बाहेर टाकत होती.

"कोन? देवमनदादा का?"

"आत्या, मी डोम्या."

"चाय पेला का रे?"

"पेलो."

थोडा वेळ गेला. "चाय पेला का रे देवमनदादा?"

चहाचं असं तीनदा झालं. डोमाजीला संत्रं आठवलं आणि आपल्याच माणसाबद्दल असं आठवल्याची लाज वाटली. मग त्यानं निंबाखाली विचारी तसंच, हळू विचारलं, "आत्या, शेपटीचा तारा दिसला, मी दादाच्या खांद्यावर होतो. केवढा होतो मी?"

आत्याचे हात थांबले. डोळे कुठेतरी लांब गेले आणि चेहरा एकदम कोवळा झाला.

"केवढा? दहा वर्साचा घोडा होता तू! तुह्या पायात बाभयीचा काटा मोडला होता, पाय सुजून हा एवढा झाला. दादा दर्यापूरकडून मौत सांगून आला होता, दिवसभराचा चाललेला. तू रडे, मले तारा पाहाचा हाय. मंग घेतलं त्यानं तुले खांद्यावर. तुहे पाय त्याच्या पोटापर्यंत लोंबून राहिले होते. आमी हासलो किती!"

"दहा?"

"नाही तं काय? दुष्काळात झाला तू. तुही माय खडी फोडाच्या कामावर होती, तिथंच झाला. मी फडक्यात घेतलं तुले. एवढुसा, उंदरावानी."

म्हणजे जन्म एकोणीसशेचा. म्हातारी डाळ आणि खडे ओळखत नाही, तिचं काय धरायचं, असं त्यानं मनाला सांगून पाहिलं. पण सवय वाईट, तोंडातून आपोआपच गेलं, "छोट्या गाडीच्या वक्ती?"

"मातीकामावर टोपली उचले ना तू. मिसरूड फुटून राहिलं होतं."

टोपली त्याला स्वतःलाही आठवत होती. छोट्या गाडीच्या रुळाखालची काळी माती, डोक्यावर चुंबळ. आजवर तो पोरीला फुशारकीनं सांगत आला होता, आठ वर्षांचा असताना एवढी टोपली उचलत होतो म्हणून. दोन खुणा जुळल्या. वय पक्कं झालं.

परतीच्या एस.टी.त तो मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. साहेब फक्त विचारणार होते. तो जे सांगेल ते लिहिणार होते. दोनशे बारा ठिपके त्याच्या जिभेवर उभे होते, दोनशे तेराव्याला कोण तपासायला जाणार? मूर्तिजापूर सुटल्यावर मात्र त्याला पुन्हा पुन्हा एकच दिसू लागलं: दिवसभर चाललेला बाप, आणि त्याच्या पोटापर्यंत लोंबणारे आपले पाय. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपण लहान होतो म्हणून बापानं उचललं. लहान नव्हतो. तरी उचललं.

दुसऱ्या दिवशी साहेब पेन उघडून बसले होते. "बोला. जन्मसाल पाच लिहू की सहा?"

"साहेब, एकोनिसशे लिहा."

"काय?"

"दुष्काळात झालो मी. त्रेसष्टचा हाय. तीन सालं झाली, सरकारची जास्तीची नोकरी करून राहिलो."

साहेबांनी पेन बंद केलं. मग साहेब म्हणाले, "हे मी ऐकलं नाही. कचेरीत पुस्तक आहे तसंच राहू दे. पण दाखला आता कोणत्या तोंडानं लिहू?"

"नका लिहू. तुमची वही खोटी होईन."

"डोमाजी..."

"माह्यं वय तर पक्कं झालं साहेब," डोमाजी हसून म्हणाला, "आता वजन तेवढं बाकी हाय."

साहेब हसले नाहीत. खिडकीशी जाऊन निंबाकडे पाहत उभे राहिले.

घरी सुंदराबाईनं ऐकून घेतलं आणि तवा आपटला. "मेलेल्या मानसाचं वय खरं सांगता, मंग जित्या पोरीचं काय?" पाचव्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "जिनात बाया घेऊन राहिले. मी जातो. पोरगी वापस नाही यायची." दोन हंगाम ती जिनिंगात कापूस निवडत राहिली. घरी आली की केसांत, भुवयांवर रुईचं भुसकट असे, आणि डोमाजी तिला म्हणे, "बुढी झाली वो तू." त्यावर ती जे बोले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पासष्टच्या जूनमध्ये शालू परतवाड्याच्या शाळेत लागली. साहेबांची तोवर बदली झाली होती. त्यांची रेघ कुठं छापून आली की नाही, ते डोमाजीला कधी कळलं नाही. शाळा उघडली त्या आठवड्यात तो पोरीला भेटायला गेला आणि वर्गाबाहेर पायरीवर बसला. पहिलीची नावनोंदणी चालली होती. बाया पोरांना हाताला धरून रांगेत उभ्या होत्या.

"जन्मतारीख?" शालूनं विचारलं.

"मले का मालूम बाई?"

"एक जुलै टाका अन् मोकळ्या व्हा," हेडमास्तर महादेवराव आतून ओरडले. "सगळ्यांची तीच हाय."

शालूनं लेखणी खाली ठेवली. "हा झाला त्या साली काय झालं होतं वो तुमच्याकडे?"

बाईनं पोराकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. "आमच्या हिरीले पानी लागलं होतं!"

बाहेर पायरीवरून डोमाजीचा आवाज आला, "एक झाली. दुसरी सांगा."