अपडेटसोबत आलेलं वाण

आईला मोबाइलवरची अक्षरं मोठी हवी होती, म्हणून मी तो अपडेट केला. अक्षरं मोठी झाली. पण सोबत कुस्तीचा खेळ, शेअरबाजाराच्या बातम्या आणि न विचारता सल्ले देणारा एक मदतनीसही येऊन बसला. काढायला गेलो, तर एकही जागचा हलेना. मी जाम वैतागलो.

आई शांत होती. हळदीकुंकवाला वाण म्हणून नको असलेले प्लास्टिकचे डबे तिने आयुष्यभर हसून घेतलेत. तिथे निदान देणारी बाई समोर असते. इथे भांडायचं तरी कुणाशी?

कुस्तीच्या चित्राकडे बघत आई म्हणाली, "उघडू नकोस हं. कोरंच राहू दे. संक्रांतीला खालच्या कुसुमताईंना देऊन टाकू."