मुदतीचा अमरपट्टा

“तुझं वडील किती वर्सं जगलं?”

चिकोडीच्या तालुका कचेरीत मी रुजू व्हायला गेलो, त्या सकाळी समोरच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, चहा तर नाहीच. मी दचकून म्हणालो, “आहेत अजून.”

“वा! खातात काय?”

हे कल्लाप्पाण्णा. वय पन्नाशीचं, अंगानं काटक. कचेरीत भाडेपट्ट्यांचे कागद त्यांच्याकडे असत. आम्ही दोघेही निपाणीचे, त्यामुळे येता-जाता एकच एसटी. तिच्यात अण्णा बरोबर मधल्या बाकावर बसायचे. ती जागा गेली, तर दुसऱ्या गाडीची वाट बघायचे. “म्होरं बसणारा म्होरं मरतोय, मागं बसणारा मागनं. मधला तेवढा घरला येतोय.” खिशातल्या डबीत भिजवलेल्या मेथ्या. रोज सात, एक कमी नाही की जास्त नाही. पाणी घरून उकळून आणलेलं. ज्या गावाचं पोट तंबाखूवर, त्या गावात वखारीवरून जाताना हा माणूस नाकाला रुमाल लावून चालायचा आणि दुसऱ्या शनिवारी काढा आणायला संकेश्वरच्या वैद्याकडे जायचा. वर आम्हाला उपदेश: “जीव ही लई जपून वापरायची वस्तू हाय, वसंता. बाजारात दुसरा मिळत न्हाय.”

घरी मात्र कुणाला बोलवायचे नाहीत. कधी हाक मारली तर बाहेर येऊन, मागं दार ओढून घेऊन बोलत. चहा पाजावा लागेल म्हणून, असा शोध मी लावला आणि तो कचेरीभर सांगितला. लोकांचे पट्टे बघता बघता अण्णांनी स्वतःसाठी अमरपट्टा करून घेतलाय, हा विनोदही माझाच. तो वर्षभर चालला. मला फार अभिमान होता त्याचा.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माझा अमेरिकेतला मावसभाऊ बेळगावला एका लग्नाला आला आणि जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक नि चित्रविचित्र फाशांची पिशवी माझ्याकडे टाकून गेला. तो एक खेळ होता. एकानं गोष्ट सांगायची, राक्षस, किल्ले, जादू, सगळं त्यानं रचायचं. बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. “आता काय करणार?” असं सांगणाऱ्यानं विचारायचं, खेळणाऱ्यानं उत्तर द्यायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं.

डिक्शनरी घेऊन मी ते पुस्तक वाचलं. निम्मं कळलं, निम्मं रचलं. त्यात पदोपदी भुयारी तुरुंग लागायचा. मी पाहिलेला तुरुंग एकच, हिंडलग्याचा, आणि तोही बाहेरून. त्यामुळे माझा तुरुंग बाहेरून अतिशय भक्कम आणि आत काहीच नाही, असा झाला.

रविवारी दुपारी आमच्या सोप्यात खेळ बसू लागला. पोस्टमन गोपाळ तलवारबहाद्दर झाला. माझी बायको सुमन जादूगारीण झाली. तिला वेगळं काही करावं लागलं नाही. अण्णांना मी थट्टेनं विचारलं, तर ते आले! “मी वैद्य. मला मारामारीत धरू नका,” म्हणाले. दर रविवारी तीनला यायचे, पाचच्या ठोक्याला उठायचे.

आता खलनायक हवा होता. मी अमरकेतू रचला. त्याला मरण नको होतं, त्यापायी तो राज्यंच्या राज्यं उजाड करत सुटला होता. इथवर ठीक. पण माझ्यातला वात्रटपणा गप्प बसेना. अमरकेतूचं सिंहासन दरबाराच्या बरोबर मध्यभागी. चांदीच्या वाटीत सात मेथ्या. आणि जो भेटेल त्याला पहिला प्रश्न: “बाप किती जगला?” गोपाळ तोंडात पंचा कोंबून हसायचा. सुमन डोळे वटारायची. अण्णा गंभीरपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “फुडं?” मला वाटायचं, काय भोळा माणूस आहे!

सहाव्या रविवारी तिघं अमरकेतूच्या दरबारात पोचले. गोपाळनं तलवार उपसली, म्हणजे फासा मुठीत घेतला.

“थांब रं,” अण्णा म्हणाले. “मला त्याला एक इचारायचंय. कुणासाठी जगायचंय त्याला?”

मी हसलो. “स्वतःसाठी, अण्णा. दुष्ट आहे तो.”

“त्याच्या घरात कोण हाय?”

मी चोवीस पानं लिहिली होती. सापळे होते, विषारी धूर होता, सोन्याची कुलपं होती. घरात कोण, ते नव्हतं. “कुणी नाही,” मी म्हणालो.

“मग तुला त्यो कळलाच न्हाय. लिही. त्याला एक पोरगी हाय. सव्वीस वर्सांची. बोलत न्हाय. उठवलं तर उठती, भरवलं तर खाती. आई बाळंतपणात गेली. दिवसा शेजारची म्हातारी बसती तिच्यापाशी, पण म्हातारीच ती. दुसऱ्या कुणाचा हात लागला की वरडती. बापानं वेणी घातली तर गप बसती. त्या म्हाताऱ्याला अमरपट्टा कशाला हवाय? मुदतीचा द्या. पोरीच्या मागनं एक दिस जादा. यवढीच अट. ती आदी जावी, मग ह्यानं.”

बापानं मुलीसाठी हे मागावं? सुमनलाच काय ते कळलं.

“नाव काय तिचं, अण्णा?”

“रत्ना.”

“मग लढाई?” गोपाळनं हळूच विचारलं. मला वाटतं, त्यालाही काहीतरी बोलायचं होतं, एवढंच.

“करा की. वैद्य बाजूला बसतोय.”

गोपाळनं फासा पिशवीत टाकला. पाच वाजायचे होते, तरी अण्णा उठले. मी त्यांच्या मागोमाग रस्त्यावर गेलो. “अण्णा, चुकलो. मी गंमत म्हणून...”

“पयल्या ऐतवारीच वळखलं की मी. सात मेथ्या दुसरं कोण खातंय निपाणीत?”

“मग येत का राहिलात?”

“त्या लेकाच्याला शेवटी मिळतंय का, ते बघायचं हुतं.”

त्यानंतर अमरकेतू कुणी मारला नाही. खेळही बंद पडला. सुमन मात्र रविवारी अण्णांकडे जाऊ लागली. पहिले तीन महिने रत्नाजवळ नुसती बसायची. चौथ्या महिन्यात रत्नानं तिला फणी धरू दिली. मी एकदाच गेलो. मला बघून रत्ना ओरडली, आणि मला ते रास्त वाटलं.

दीड वर्षानं रत्नाला ताप आला. दोन दिवसांत संपलं. मी त्या वेळी कामासाठी बेळगावला होतो. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी थेट अण्णांच्या घरी गेलो, वाटेत सांत्वनाची वाक्यं जुळवत. अण्णा भिंतीला टेकून बसले होते.

“आज त्यो दिस हाय, वसंता,” ते म्हणाले.

“कुठला?” विचारलं मी. असं विचारणारा माणूस जगात एकच असेल.

“जादाचा.”

मी त्यांच्याशेजारी बसलो.

“मागितला तसा मिळाला बघ. सकाळी उठलो, पाणी उकळाय ठेवलं. मग म्हटलं, कशाला?” ते माझ्याकडे बघत होते, पण मला नव्हे. “सव्वीस-सत्तावीस वर्सं त्यो एक दिस मागत बसलो. त्या दिवशी करायचं काय, ते ठरवायचंच ऱ्हायलं.”

काहीतरी बोलणं भाग होतं. आणि माझ्या तोंडून निघालं काय? “मग आता काय करणार, अण्णा?” खेळातला सवयीचा प्रश्न! जीभ हासडावीशी वाटली.

अण्णा रागावले नाहीत. फाशाआधी करायचे तसा त्यांनी नीट विचार केला.

“च्या पिऊ,” म्हणाले.

दुःखाच्या घरात चूल पेटवायची नसते, शेजारून चहा आणायचा असतो, एवढंही मला सुचलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. स्टोव्ह सापडला, काडेपेटी सापडली. “पाणी किती ठेवू?” मी आतून विचारलं.

“रोजच्यागत दोघांचं ठेव.”

मी दोन कप मोजून पाणी ओतलं. वळून बघतो तर अण्णा दारात उभे. चेहरा पार उतरलेला, हात चौकटीवर.

“म्हंजे,” ते म्हणाले, “तुझं आन् माझं.”