सरांनी ज्यांना नाही म्हटलं, त्यांच्यातर्फे

दळवी सरांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते माझ्या दादाला नाही म्हणत होते.

गेल्या वर्षीची गोष्ट. इंजिनीअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला होता आणि दादाला कॉम्प्युटरच पाहिजे होतं, ते पण मुंबईतल्या मोठ्या कॉलेजात. सर गोडदेवला आमच्या मागच्या गल्लीत राहतात. शाळेत गणित शिकवायचे, आता रिटायर झालेत. दर रविवारी चाळ कमिटीच्या खोलीत बसतात आणि कुठल्या मार्कांना कुठे चान्स आहे ते मुलांना सांगतात. आईची स्टीलच्या भांड्यांच्या फॅक्टरीत शिफ्ट होती, म्हणून पप्पा आणि दादाबरोबर मी गेले.

सरांनी मार्क बघितले, चष्मा काढून पुसला. "नाही होणार, बाळा."

पप्पा काशीमीऱ्याला गोडाऊनमध्ये माल उतरवतात. साहेब लोकांशी बोलताना त्यांचा आवाज बारीक होतो. "सर, थोडं इकडेतिकडे होतंच की."

"होतं. पण एवढं नाही होत." मग सरांनी विचारलं, "तुमच्याकडे पाणी टँकरचंच ना? कोण भरतं?"

पप्पांनी माझ्याकडे बोट केलं.

"मग सांग गं, टँकर आला की तू आधी काय बघतेस?"

मी खाली बघून म्हटलं, "पुढे किती हंडे आहेत ते."

"झालं. कॉलेजचं पण तेच आहे. दर वर्षी पाणी कुठल्या हंड्यापर्यंत पोचतं ते मला माहितीये. तू हुशार नाहीस असं नाही रे. तू मागे उभा आहेस."

दादाचे कान लाल झाले. सरांनी त्याला एक सांगितलं होतं. रत्नागिरीकडच्या एका कॉलेजात मेकॅनिकल मिळेल, ते पसंतीच्या यादीत सगळ्यात खाली लिही, पण लिही.

घरी येताना पप्पा म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण जिभेला साखर नाही." केबिन रोडचे क्लासवाले म्हणाले, "अरे हो जायेगा, पॉझिटिव्ह सोच." समोरच्या जिग्नाबेन म्हणाल्या, "थई जशे, बेटा." दादाने मोठमोठी कॉलेजं लिहिली आणि खालच्या रेघा कोऱ्या ठेवल्या. रत्नागिरीचं लिहिलं तर तेच गळ्यात पडेल, म्हणाला. तिकडच्याच गावातून बाहेर पडायला आजोबांना एक जन्म लागला, मी परत तिकडेच जाऊ काय?

यादी लागली. दादाला कुठेच काही लागलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सर आमचे तीन जिने चढून आले. त्यांचा गुडघा दुखतो, दारात बराच वेळ दम घेत उभे होते. मला वाटलं, आता म्हणणार, बघ मी सांगितलं होतं. सर म्हणाले, "सायबरमध्ये जाऊन यादी बघितली. मी चुकलो का ते बघायला गेलो होतो." आणि खाली बसले. दादा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, उठला नाही. आईने चहा दिला. सरांनी तो सगळा प्यायला, थंड झाला होता तरी. जाताना दादाच्या पायावरची चादर नीट केली. क्लासवाले आले नाहीत. जिग्नाबेन पण दार लोटून होत्या.

मग दादाने ठरवलं की वर्ष घरी बसून परत सीईटी द्यायची. सरांनी त्याला तोंडावर सांगितलं, "परत दिलीस तरी अवघडच आहे. देऊ नको असं मी म्हणत नाही." आणि पुढच्या रविवारपासून त्याला गणित शिकवायला बसवलं, कमिटीच्या खोलीत, बाकीचे लोक गेल्यावर. पप्पांना काही कळेना. त्यांनी विचारलंच, "सर, होणार नाही म्हणता, मग शिकवता कशाला?"

सर म्हणाले, "ज्यांचं होणार आहे, त्यांना मी कशाला लागतो?"

पप्पा त्या दिवसापासून सरांच्या जिभेबद्दल काही बोलत नाहीत.

सरांच्या साठीला कमिटी काढतेय त्या या पुस्तकात सरांच्यामुळे चांगल्या कॉलेजात गेलेले बरेच जण लिहितायत. पण सरांनीच कमिटीला सांगितलं की मी नाही म्हटलं त्या घरातलं पण एक घ्या. कमिटीवाले दादाकडे आले होते. दादा म्हणाला, माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे. आई म्हणाली, मग वैशू लिहील. मी नववीत शाळा सोडली, तेव्हा आई कामाला लागली होती आणि पाण्याला, घराला कोणीतरी पाहिजे होतं. सर एकदा मला म्हणाले, "तुझं काय गं? बाहेरून दहावीला बसायचं का?" माझं होईल का, असं मी त्यांना अजून विचारलेलं नाही. सर खोटं बोलत नाहीत, त्याची भीती वाटते.

यंदाची सीईटी होऊन गेली. पेपर कसा गेला ते दादा सांगत नाही. गेल्या रविवारी सरांनी त्याच्याबरोबर बसून उत्तरं ताडून मार्क जुळवले. सर एवढंच म्हणाले, "अवघड आहे, बाळा." दादा घरी आला, जेवला नाही. हल्ली तो खिडकीपाशी बसून असतो, रेडिओ पण लावत नाही. कामावर जाताना आई मला रोज सांगते, त्याला एकटं सोडू नको. मी पाण्याच्या रांगेत असते तेव्हा पण मान वर करून खिडकीकडे बघत असते. तो दिसला की बरं वाटतं. परवा माझा नंबर यायच्या आधी टँकर संपला. रिकामा हंडा घेऊन वर आले, दादाने विचारलं, "मिळालं?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग एवढा वेळ उभी कशाला होतीस?" मी हंडा कोपऱ्यात ठेवला.

सर, तुम्हाला साठ वर्षं झाली. सगळे लिहितील तसं मी पण लिहिते, तुम्ही खूप वर्षं जगा, तब्येत सांभाळा. गुडघ्याला तेल लावत जा. आमचे जिने चढू नका, हाक मारली की दादाला मी खाली पाठवीन.

तुमचं म्हणणं आजपर्यंत आमच्या गल्लीत कधी चुकलं नाही. यादी लागेल त्या दिवशी तुम्ही परत सायबरमध्ये जाणार हे मला माहितीये. देवाला मी दुसरं काही मागत नाही. त्या दिवशी तुमचं चुकू दे. एकदाच. मग पाहिजे तर तीन जिने चढून या, चहा मी गरम करून ठेवीन.