हाकेला हाव

कुरखेड्याच्या बाजारात एकानं सांगितलं, "गुरुजी, सोमाभाऊ गेला. पान लागलं." इकडे साप चावला असं कुणी म्हणत नाही. मी "अरेरे" म्हणालो आणि उगीच चिंचेचा भाव विचारला... दीड महिना झाला, त्या भावाची मला अजून लाज वाटते.

सोमाभाऊ कोसा, म्हणजे रानातले रेशमाचे किडे, पाळायचे. आमची ओळख सहकारी शिबिरातली. ऐनाच्या झाडावर जन्म घालवणाऱ्या या माणसांना व्यापार कळावा म्हणून मी एक खेळ काढला होता. प्रत्येक गटानं कागदावर कोशाचा धंदा मांडायचा. गिऱ्हाइकं तीन: निवडक कोसा मागणारे लुगड्यांचे विणकर, मधला माल घेणारा दलाल, फुटका कोसाही नेणाऱ्या सूत कातणाऱ्या बाया. कुणासाठी माल काढायचा आणि तो आपल्याला पडतो केवढ्याला, ते सांगायचं. सोमाभाऊ खूश. "हा धंदा मस्त हाय गुरुजी! कागदावरचा कोसा पाखरं खात नाई, मुंग्या लागत नाई." त्यांनी विणकर धरले. खर्चात मात्र राखणदार दोन लिहिले.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एकानं हाक द्याची, दुसऱ्यानं हाव म्हणाचं." हाव म्हणजे इकडचं 'हो'.

"म्हणजे गप्पा मारायला माणूस ठेवलाय!" मी म्हणालो. सगळे हसले, तेही हसले. मी लाल पेन्सिलीनं एक राखणदार खोडला. त्यांचा माल सगळ्यांत स्वस्त पडला आणि त्यांचा गट पहिला आला. खेळातलं खेळात ठेवा, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. शिकवणाऱ्याला आपलं शिकवणं खरं झालेलं फार आवडतं.

पुढच्या हंगामात त्यांनी जोडीनं राखणाऱ्या चुलतभावाला घरी बसवलं. वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, "एकटाच राखून राह्यलो. परवडते, गुरुजी!" मला केवढा आनंद झाला होता...

परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको जानाबाई मला रानापर्यंत घेऊन गेली. कोसा झाडावर असला की बाईनं त्या रानात पाय टाकायचा नाही, अशी इथली रीत. शिदोरी काठावर ठेवायची, तिथूनच परतायचं.

"एकटे झाले तवापासून सोताच हाक देत, सोताच हाव म्हणत. आवाज जाड करून," ती म्हणाली. "मले काठावर हासू ये. त्या दिवशी हाक आली. हाव नाई आली. मले वाटलं, गंमत करून राह्यले. मंग पुन्हा हाक आली, बारीक... आत कशी जाऊ, गुरुजी? माणसं आनाले गावात धावली."

माणसं आली तेव्हा उशीर झाला होता. चुलतभाऊ रानात असता तर दहा पावलांवर असता. हे तिनं म्हटलं नाही. मीच म्हणालो, आणि लाल पेन्सिलीचंही सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

कोसा कधीच उतरवला होता. रान मोकळं होतं, तरी ती काठावरच थांबली. मी चार पावलं आत गेलो आणि काय वाटलं कोण जाणे, त्यांच्यासारखी एक लांब हाक दिली. ऐनाची पानं हलली. मग माझ्या पाठीमागून, काठावरून, जानाबाईनं आवाज जाड करून उत्तर दिलं, "हाव!"